चार भोकांचं बटण

मी शिंपी आहे आणि तापट आहे, हे गिऱ्हाइकांना कापड टाकायच्या आधीच कळतं. पण माझ्या पाच वर्षांच्या लेकीपुढे माझा तापटपणा चालत नाही. तिला फिट येते. दोनदा आली, दुसऱ्या वेळी दुकानातल्या कापायच्या टेबलाखाली. तेव्हापासून एक कडू पातळ औषध, सकाळ-संध्याकाळ. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं की एकही वेळ चुकता कामा नये आणि चुकूनही दोनदा जाता कामा नये.

पहिल्या आठवड्यात ती ते औषध थुंकली ती थेट एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पँटवर. चॉकलेट देऊन पाहिलं, तर दोन दिवसांत भाव दोन चॉकलेटांवर गेला. शेवटी मी बटणांचा डबा काढला. औषध गिळलं की डब्यातलं आवडेल ते एक बटण, आणि ते लगेच तिच्या दोऱ्यात ओवायचं. सकाळी चार भोकांचं, संध्याकाळी दोन भोकांचं. ही माझी शक्कल. दोऱ्याकडे पाहिलं की कुठली वेळ झाली आणि कुठली राहिली, ते कुणाला न विचारता कळे. पोरगी चमचा दिसताच 'आ' करायला लागली.

सासूबाईंना हे पटलं नाही. लाच देऊन पोर बिघडवताय, जावईबापू, असं त्या दिवसातून एकदा तरी म्हणत. त्या आमच्याकडेच राहतात. त्यांना रक्तदाबाची गोळी आहे आणि ती त्या घेत नाहीत. मला त्यांच्या उशीच्या अभ्र्यात मूठभर सापडल्या होत्या. म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी बोललो, तर त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. मग मी बोलणं सोडलं.

परवा बायको पहाटेच कामावर गेली. मी सातला लेकीला औषध दिलं, तिने निळं बटण ओवलं आणि तिला सासूबाईंपाशी सोडून मी एका कोटाचं फिटिंग बघायला गिऱ्हाइकाच्या घरी गेलो. अकराला परतलो तर लेक कापडाच्या ढिगावर गाढ झोपलेली. या वेळी ती कधी झोपत नाही. शेजारी दोरा पडला होता. सकाळचं निळं बटण, आणि त्याच्यापुढे आणखी एक, लाल. तेही चार भोकांचं.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. सकाळची दोन बटणं म्हणजे सकाळचं औषध दोनदा. मी विसरलो असेन असं समजून सासूबाईंनी पुन्हा पाजलं असणार. त्या घरात नव्हत्या, फोन ओट्यावर ठेवून गेल्या होत्या. बाटली तपकिरी, वर भलंमोठं लेबल, त्यामुळे किती कमी झालं तेही कळेना. मनातल्या मनात त्यांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. दवाखान्यात फोन केला. डॉक्टरबाई म्हणाल्या की तिला जागी करा आणि बाटली घेऊन लगेच या.

लेकीला उठवलं. ती किरकिरली, डोळे चोळले आणि पुन्हा माझ्या खांद्यावर मान टाकली. मला चपला सापडेनात. बाटली खिशात टाकून अनवाणीच निघालो. तेवढ्यात सासूबाई दारात, हातात भाजीची पिशवी.

"आई, तुम्ही हिला औषध दिलंत?"

"मी कशाला देऊ? तुम्ही दिलंत ना सातला. बटण पाहिलं मी."

"मग हे दुसरं कुणाचं?"

सासूबाई पिशवीत बघायला लागल्या. उत्तर माझ्या खांद्यावरून आलं, झोपाळलेल्या आवाजात.

"ते आजीचं आहे. आजीने गोळी घेतली. तोंड वाकडं नाही केलं."

मग हळूहळू सगळं कळलं. आजी गोळी उशीत सरकवताना नातीने पकडलं. ती रागावली नाही. डबा आणून समोर ठेवला आणि गिळलीस तर बटण, असं सांगितलं. सासूबाईंनी गिळली. आजीकडे दोरा नाही म्हणून बटण नातीच्या दोऱ्यात गेलं, आणि सकाळ होती म्हणून चार भोकांचं. नियम मीच शिकवलेला. झोपेचं कारणही साधंच होतं. आईच्या आवराआवरीने पोरगी चारलाच उठली होती.

माझा जीव भांड्यात पडला. लेकीला घेऊन तिथेच खाली बसलो आणि रडलो, तेही सासूबाईंसमोर. मग दवाखान्यात कळवलं. डॉक्टरबाई हसल्या आणि औषधाची वेळ कागदावरही लिहीत जा म्हणाल्या. तो कागद आता मशीनच्या वर भिंतीला लावला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीचं औषध झाल्यावर मी एक नवा दोरा कापला आणि सासूबाईंपुढे डबा ठेवला. लाचेचा विषय काढायला याहून चांगली वेळ नव्हती, पण मी नव्या दोऱ्याला गाठ मारत बसलो. त्यांनी गोळी गिळली, वर पाणी प्यायलं आणि नातीला जीभ काढून रिकामं तोंड दाखवलं. मी हाताला लागलं ते तपकिरी बटण दिलं. त्यांनी ते परत डब्यात टाकलं.

"हे शर्टाचं नको. ते कोटाचं सोनेरी आहे ना, ते द्या."

ते आदल्या दिवशीच्याच गिऱ्हाइकाच्या कोटाचं होतं. मी ते काढून दिलं.