ओपलची साक्ष

ओपलने हात वर केला, तशी तिचीच भूमिका करणारी नटी वाक्याच्या मध्येच थांबली.

चर्चच्या तळघरात केंटकीतलं ते अख्खं खाणगाव जमलं होतं. नाटक बसवणारी कोरिन पुढे झाली. तीस वर्षं तिने खऱ्या माणसांची खरी बोलणी रंगमंचावर आणली, पडद्यावर आणली, आणि एक नेम कधी मोडला नाही: ज्याचे शब्द, त्याने प्रयोग आधी पाहायचा, तो नको म्हणाला तर ते शब्द गेले. शुक्रवारी न्यूयॉर्कला पहिला प्रयोग. ओपलचे शब्द गेले तर नाटकात उरणार काय, कपाळ?

"ओपलबाई, काही चुकलं का?"

"शब्द माझेच आहेत. माझा डेल्मर डबा घेऊन खाणीवर निघाला, म्हणाला, 'खाणीतला वायू मोजणाऱ्या त्या यंत्रावर आज पुन्हा पिशवी बांधतो. सारखं बोंबलतं आणि काम बंद पाडतं. तुझंही तोंड असंच बांधता आलं असतं तर!' हे बरोबर. पण ही पोरगी इथं रडते कशाला?"

"रडणार नाही तर काय!" शेजारी बसलेली तिची नणंद व्हर्ला कडाडली. "त्याच दिवशी वायूचा भडका उडाला आणि माझा भाऊ खाणीत जळून मेला. आणि ह्या बाई त्यावर तिकिटं विकतायत!"

"व्हर्ला, तू गप्प बस." ओपलने कोरिनवरची नजर काढली नाही. "तुला सांगताना मी हसले होते. ते कुठं गेलं?"

कोरिनने ओठ चावला. हसू तिनेच कापलं होतं. विधवा हसली की प्रेक्षक बिथरतात. शब्दांना हात लावला नाही ना, मग झालं, अशी तिने मनाची समजूत घातली होती. लबाडीच ती!

"लोकांचा गैरसमज होईल, म्हणून..."

"गैरसमज कसला? त्या सकाळीही मी अशीच पोट धरून हसले. बांधू नको म्हणाले नाही, जाऊ नको म्हणाले नाही. हसले. अगं, तेवढं सांगायला तर तुला घरात घेतलं होतं!"

कोरिन नटीकडे वळली. "पुन्हा घे. त्या हसल्या तशी हस."

नटी हसली. आधी चाचरत, मग मोकळी, पोटातून.

व्हर्लाने पर्स उचलली. तीच ओपलला आपल्या गाडीतून घेऊन आली होती. ती जिना चढून गेली. वर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

ओपलने मान वळवली नाही.

"हं, ही मी," ती म्हणाली. "आता हिला न्या न्यूयॉर्कला."