धुतलेला पेला

पातेल्याच्या झाकणावरचे निखारे बाजूला सारून रंजनाने झाकण उचललं आणि तिचा हात तिथेच थबकला. केक मधोमध खचला होता. आणि नाताळ परवावर.

"काय व्हयनं?" खाटेवरून सासूने, मंगळीबाईने, विचारलं.

"बसी गया, आत्याबाई."

मंगळीबाईचा काकवीचा केक दर नाताळला गावभर वाटला जाई. यंदा अर्धांगाने तिचा उजवा हात गेला. नात मयूरी सुरतेला बाळंत झालेली, तीही येणार नव्हती. "मम्मी, 'एक पेला' म्हणजे कितलं?" ती फोनवर म्हणाली होती. "तुमना पेला येगळा, मन्हा येगळा. आजी शे तवलग ग्रॅममां सांगी दे." वर वजनकाटाही पाठवून दिला.

पहिला धक्का काट्यानेच दिला. पेलाभर पाणी दोनशेच्या जरा वर, आणि तेवढीच काकवी तीनशेला टेकलेली! काटा बिघडला असंच रंजनाला वाटलं. मयूरी हसली, "काकवी जड ऱ्हास, मम्मी. पाणी नही शे ती." म्हणून रंजनाने तीनशे हा आकडा पक्का केला होता. आणि आता हा खड्डा.

मंगळीबाईने तुकडा जिभेवर ठेवला. तोंड आंबट केलं. "इतली काकवी? पेला आन."

डाव्या हाताचं बोट तिने पितळी पेल्यात घातलं. तळ चाचपला. कडा चाचपली. पुन्हा तळ. बोट नुसतं घसरत राहिलं.

"तू धुया हाऊ?"

"काटावर मांडाना व्हता नं. तळाले काया थर व्हता, दगडसारखा. गरम पाणीमा भिजाडा, सुरीघाई खरडा." खरं तर रंजनाला शाबासकी हवी होती.

मंगळीबाई कितीतरी वेळ पेल्यातच बघत बसली. घर जळून गेल्यावर माणूस जागेकडे बघतो, तशी.

"तेच मन्हं माप व्हतं नं, बाई."

काकवी ओतायची आणि पेला न धुता डब्यावर पालथा घालायचा, हे रंजना नवी नवरी होती तेव्हापासून पाहत होती, मनातल्या मनात नाक मुरडत होती. वर्षानुवर्षं चिकटत चिकटत पेल्याचा तळच वर आलेला. उरलेल्या जागेत मावे तेवढीच काकवी केकात पडे. आणि ती जागा मोजायच्या नादात तिने स्वतःच्या हाताने सगळं मोरीत सोडलं होतं.

"आत्याबाई, मी हाई काय करी बठनू..."

"रडू नको, केक खारा व्हई. कणीक आन."

रंजनाने कणकेचा गोळा पेल्याच्या तळाशी बसवला. मंगळीबाई डोळे मिटून बोटाने दाबून बघे. "आखो थोडी... नही, काढ... आते ऱ्हाऊ दे." मग पेला काट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला, काकवीची धार सोडली. दोनशे वीस.

संध्याकाळी दुसरा केक फुगून आला. मंगळीबाईने सावकाश चघळला. रंजना तिच्या जबड्याकडे बघत उभी.

"मन्हा नही हाऊ," मंगळीबाई म्हणाली. "पन चांगला शे. पोरीले सांग दोनशे वीस."

रंजनाने फोन केला. मग पेल्यातली कणीक खरवडून काढली, सवयीने मोरीकडे गेली, नळाला हात घातला.

पण नळ तिने उघडला नाही. चिकट पेला तसाच आणून काकवीच्या डब्यावर पालथा घातला.