चित्रात न आलेलं दुकान

माझ्या नवऱ्याला राग यायला मोठं कारण लागत नाही, पण त्या दिवशीचं कारण मलाही पटलं. वाचनालयाच्या हॉलमध्ये भाऊजींच्या जलरंगातल्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. भाऊजी म्हणजे ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त. रोज सकाळी आमच्या शिलाईच्या दुकानाच्या पायरीवर बसतात आणि चौक रंगवतात. हॉलच्या भिंतीभिंतीवर बेकरी, घड्याळवाल्याची टपरी, पाण्याची टाकी, गच्चीवर वाळणाऱ्या चादरी. आमचं दुकान कुठेच नाही.

"एकाही चित्रात नाही!" हे हॉलला चक्कर मारून आले. "बेकरीवाल्याची मांजर आहे. मांजर आली, मी नाही!"

बेकरीवाला नवी टोपी घालून लोकांना स्वतःचंच दुकान दाखवत फिरत होता. "हे आमचं. हेही आमचंच." माझंही डोकं फिरलं, खोटं कशाला बोलू?

ह्यांनी भाऊजींना तिथेच गाठून झाडलं. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. "अरे, मी तुझ्या पायरीवर बसतो. तुझं दुकान माझ्या पाठीमागे असतं. पाठीला डोळे आहेत का मला?"

इतक्या वर्षांत ही गोष्ट आम्हा दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. शहाण्या माणसाने इथे हसून विषय संपवला असता. पण चूक कळल्यावर माघार घेतील तर ते हे कसले?

"मग उद्यापासून समोर बस. बेकरीच्या पायरीवर."

"बघ हं," भाऊजी म्हणाले.

"बघायचंय काय त्यात?"

दुसऱ्या दिवशी ह्यांनी दुकानाची काच पुसली, सगळ्यात चांगला कोट दर्शनी टांगला आणि इस्त्रीचा सदरा घातला. "तूही जरा नीट बस. चित्रात येशील."

"मी तुरपाई करायला बसलेय, फोटो काढायला नाही."

समोर बेकरीवाल्याने भाऊजींना गादीची खुर्ची दिली. गरम बिस्किटं दिली. थोड्या वेळाने दोघांचं हसणं आमच्यापर्यंत ऐकू आलं. एरवी आमच्याकडे सकाळ कशी जाते? हे मशीनवरून मान वर काढून भाऊजींच्या चित्राकडे बघत म्हणतात, "छप्पर वाकडं झालंय." भाऊजी वळूनही न बघता म्हणतात, "तू आधी टीप सरळ घाल." दुपारपर्यंत हेच चालतं. आता दुकानात चिडीचूप. ह्यांनी दारात उभ्यानेच एक बाही उलटी टाचली, ती मी गुपचूप उसवली.

"बेकरीवाल्याला रंगातलं काय कळतं?" हे म्हणाले.

"तुम्हाला काय कळतं?"

"मला छप्पर कळतं."

"मग बोलवा त्यांना परत."

"मी नाही बोलवणार!"

मला मात्र खरंच भीती वाटू लागली. भाऊजी तिकडेच रमले तर? ह्यांना दुसरा दोस्त नाही. मी आहे, पण माझ्याशी हे भांडतात, गप्पा मारत नाहीत.

शेवटी एका दुपारी भाऊजींनी चित्र पुरं झाल्याची हाक मारली. आम्ही दोघं रस्ता ओलांडून गेलो. कागद अजून ओला होता. आमची पाटी, टांगलेला कोट, मान खाली घातलेली मी, सगळं होतं. काचेवरच्या उन्हासाठी भाऊजींनी कागद नुसता कोरा सोडला होता आणि तेवढीच जागा लखलखत होती. दारात हे उभे, गळ्यात टेप, हातात कात्री.

ह्यांनी बराच वेळ बघितलं. "झकास आहे. पण मी काम सोडून कुठे बघतोय?"

"माझ्याकडे," भाऊजी म्हणाले. "रोज. वाटलं, एकदा तरी मशीनवर बसशील. नाही बसलास. मग दिसलं ते काढलं."

ह्यांचे कान लाल झाले. आता काहीतरी वेडंवाकडं बोलतील म्हणून मी दंडाला धरायला पुढे झाले. पण ह्यांनी वाकून रंगांचा डबा उचलला, पाण्याचा मग उचलला आणि सरळ आमच्या पायरीकडे चालू लागले.

"अहो, कुठे निघालात?" बेकरीवाला ओरडला. "तुमचं दुकान चित्रात यायला हवं होतं ना?"

"आलं की एकदा!" हे रस्त्याच्या मधूनच म्हणाले. "आता काय रोज येऊ?"

ओलं चित्र दोन्ही हातांवर आडवं धरून भाऊजी ह्यांच्या मागे निघाले, इतके भराभर की मीच मागे राहिले.