पट्टे चढवण्याआधी

“पट्टे इतक्यात चढणार नाहीत,” दादामियाँ म्हणाले. “आधी बेअरिंग बोलतंय का ते बघू.”

“मुहूर्त काढताय का?” सर्जेरावांनी विचारलं. “चाकं हायत, पट्टं हायत. बसवा की.”

दादामियाँच्या वाघोलीतल्या दुरुस्तीच्या शेडमध्ये सर्जेरावांची गाडी ठोकळ्यांवर उचलून ठेवली होती. होडीसारखं बूड, दोन्ही बाजूंना तीन-तीन फुगीर चाकं; जमिनीवर चालणारी, पाण्यात तरंगणारी. मांजरीजवळ नदीतली जलपर्णी ओढून काढायचं काम सर्जेरावांनी अंगावर घेतलं होतं. काठच्या गाळात चाकं रुतायची, म्हणून त्यांच्यावर रबरी पट्टे हवे होते. गाडी चालवणार होता त्यांचा मुलगा साईनाथ, आणि त्याला पोहता येत नव्हतं. एवढं सर्जेरावांनी आल्याआल्याच सांगून टाकलं होतं.

दादामियाँना कुणी काही विचारलं की बरं वाटे. त्यांनी पाण्याची बादली पुढे सरकवली. “ही उचला. आता हात लांब करा. अजून थोडा.”

सर्जेरावांचा हात थरथरू लागला. दादामियाँनी त्यांच्या मनगटाखाली आपला तळवा धरला.

“हलकं वाटलं? तुमचा हात म्हणजे अ‍ॅक्सल, बादली म्हणजे चाक. पट्टा चढला की तो चाकांना एकमेकांकडे खेचणार, वळताना गाळ उलटा रेटणार. बारीक अ‍ॅक्सल वाकलाच असता. म्हणून जाड घातले आणि बाहेरून आणखी एक बेअरिंग दिलं, हा माझा तळवा. राहिलं आतलं जुनं. झिजलं असेल तर खरखरतं; ते ऐकून ठरवू.”

“बादली ठेवू का खाली?”

“ठेवा की. धरून राहा असं कोण म्हणालं?”

त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पहिल्या बेअरिंगवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. त्यांची मुलगी आलिमा चाक फिरवू लागली. शेडचं निम्मं काम आता तीच बघे.

“गप्प आहे. पुढचं.”

पुढचंही गप्प होतं. गेली दोनेक वर्षं जवळजवळ प्रत्येक बेअरिंग गप्प लागत होतं, आणि या गोष्टीचं दादामियाँना मोठं कुतूहल होतं. ग्रीस सुधारलं? की पोलाद? शेवटी हल्ली माल चांगला येतो, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

“हेही गप्प,” मागच्या चाकाशी ते म्हणाले.

आलिमाने चाकावरचा हात काढला नाही. “अब्बा, परत ऐका.”

त्यांनी परत ऐकलं. “गप्पच आहे.”

तिने त्यांचा तळवा धरून अ‍ॅक्सलवर ठेवला आणि चाक फिरवलं. तळव्याखाली बारीक खरखर सरकत गेली, दळत्या जात्यावर हात ठेवावा तशी. दादामियाँनी दुसऱ्या हाताने स्क्रूड्रायव्हर पुन्हा कानाला लावला. हाताला लागत होतं ते कानापर्यंत येत नव्हतं.

“काय झालं? पास का नापास?” सर्जेरावांनी विचारलं.

“नापास,” आलिमा घाईने म्हणाली. “अब्बांनी हातानं पकडलं.”

तेवढ्यावर भागलं असतं. सर्जेराव मान डोलवायच्या बेतात होते. पण बाकीच्या चाकांना दादामियाँ नुसत्या कानाच्या भरवशावर पास करून बसले होते.

“मी नाही पकडलं,” ते म्हणाले. “मला ऐकू आलं नाही, हिला कळलं. आधीची चाकंही परत बघावी लागतील.”

सर्जेरावांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग बादली उलटी करून तिच्यावर बसले. “बघा सावकाश. पोरगं काय आज बुडणार न्हाई.”

दादामियाँनी स्क्रूड्रायव्हर आलिमाच्या हातात दिला आणि स्वतः पहिल्या चाकाशी जाऊन बसले. तिने मूठ कानाला लावली. ते चाक हळूहळू फिरवत राहिले आणि तिचा चेहरा बघत राहिले. तिच्या भुवया जवळ आल्या तसे ते थांबले.

“कसं येतंय?” त्यांनी विचारलं.

“डब्यात वाळू हलवल्यासारखं.”

“आवाज बारीक असेल ना पण?”

आलिमाने पुन्हा कान लावला. उगाचच जरा जास्त वेळ.

“नाही अब्बा. चांगला मोठा आहे.”

त्यांनी मान हलवली आणि ते पुढच्या चाकाकडे सरकले.