विचारायचं कुणी

सुतारानं शेवटचा स्क्रू फिरवला, मोरीच्या दाराची आतली कडी मोकळी केली आणि ती तळहातावर तोलत म्हणाला,

"मोठ्या बाई, हीपण? अहो, घरात बायकामाणसं. मोरीला तरी ठेवा."

"तुला हात चालवायला बोलावलंय, जीभ नाही. दारं फुगलीत. माणूस आत अडकून बसतं."

"दार फुगलं तर तासून देतो की. कडीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

"तू तासायला लागलास की चौकटीसकट घर बारीक होतं. चल, आता मागची खोली."

सुतार हसत हसत पुढे गेला. मोठ्या बाईंपुढे कुणी याहून जास्त ताणत नसे. खाली गाद्या-उशांचा कारखाना, वर घर, आणि दोन्हीकडे त्यांचाच शब्द. नवरा गेला तेव्हा शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेल्या या बाईनं कापूस पिंजायचं यंत्र स्वतः चालवलं होतं. गादीवर मूठ दाबली की आत नवा कापूस आहे की जुनाच पिंजून भरलाय, हे त्या डोळे मिटून सांगत. माणसांनाही त्या तशाच दाबून बघत. कुणी कळवळलं तर म्हणत, "कच्चा माल आहे."

नात मात्र त्यांच्या दाबण्याला दाद न देणारी. लहानपणी घरभर पळायची म्हणून तिचं नाव त्यांनीच मुंगी पाडलं होतं. गेल्या महिन्यात या मुंगीनं जीव द्यायचा प्रयत्न केला आणि वाचली. बाहेर सगळ्यांना सांगितलं, पोट बिघडलं होतं. घरात कुणी कुणाला काहीच सांगितलं नाही. झाकली मूठ झाकलेलीच बरी, असं मोठ्या बाई म्हणाल्या, म्हणजे विषय मिटला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र तो मिटू दिला नव्हता. पाळीच्या आसपासचे दिवस हिला फार जड जातात, त्यात अभ्यासाचा ताण, झोप नाही, असं त्या म्हणाल्या होत्या.

"पाळी काय हिलाच येते?" मोठ्या बाईंनी ठणकावलं होतं. "आम्ही त्या दिवसांत कापसाचे गठ्ठे उचललेत."

"उचलले असतील, आजी. प्रत्येकीचं शरीर वेगळं असतं. औषधं चालू ठेवा, तिला एकटं सोडू नका. आणि सरळ विचारत जा, मरावंसं वाटतंय का म्हणून. विचारल्यानं ते मनात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते."

परतताना रिक्षात बसताच मोठ्या बाईंनी सुनेला बजावलं होतं, असलं अभद्र आपल्या घरात कुणी बोलायचं नाही. कालच्या पोरीनं मला शिकवायचं! तरीही घरी आल्यापासून त्यांना झोप नव्हती. मुंगी खोलीत गेली की त्यांचे कान दाराला. शेवटी त्यांनी सुताराला बोलावलं.

ठोकाठोक ऐकून सून कारखान्यातून वर आली. केसांत कापसाचं भुस्कट तसंच.

"आई, अहो, कड्या का काढताय?"

"तिला आत कोंडून घेता येऊ नये म्हणून. एवढं कळू नये?"

"तिचं पोट दुखतंय सकाळपासून. आज-उद्या येईल. अशा दिवसांत मोरीलासुद्धा कडी नाही?"

"दार लोटून घ्यावं. कोण बघायला येतंय?"

सुनेनं केसांतलं भुस्कट झटकलं. मग हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी विचारायला सांगितलं होतं."

"मग विचारायचं. आई ना तू तिची?"

"तुम्हीच बोलू देत नाही."

"माझ्यावर ढकलू नकोस. बाप कुठाय तिचा?"

"माल पोचवायला गेलेत. ती घरी आल्यापासून रोज मालच पोचवतायत."

यावर मोठ्या बाईंकडे उत्तर नव्हतं असं नाही, पण लेकाविरुद्ध होतं म्हणून त्यांनी ते गिळलं. सून जिना उतरून गेली.

तेवढ्यात खोलीतून मुंगी बाहेर आली. चेहरा उतरलेला, एक हात पाठीमागे. सुतार बोळातच फतकल मारून बसला होता. त्याला वळसा घालून ती मोरीत शिरली. दार लागलं आणि आपोआप वीतभर उघडलं. तिनं ते ओढलं. ते पुन्हा उघडलं. फटीतून तिचा हात चाचपडत दिसला. कडीच्या जागी नुसती चार भोकं होती.

"आजी, यांना जायला सांग."

मोठ्या बाईंनी सुताराकडे नुसतं पाहिलं. तो पटाशी, पेचकस गोळा करून मुकाट्यानं जिना उतरला.

"कडी कुठाय?" मुंगीनं आतून विचारलं.

"फुगली होती."

"लोखंड फुगतं, आजी?"

या घरात त्यांच्या तोडीची जीभ असलीच तर या पोरीची होती. एरवी मोठ्या बाई खूश झाल्या असत्या. आता त्या गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या आणि दाराला पाठ लावली. दार बंद झालं.

"तू बाहेर बसलीयस?"

"माझं घर आहे. वाटेल तिथं बसेन."

"पाळत ठेवायला?"

"दार धरायला. तू आटप तुझं."

आत पाणी वाजलं, थांबलं. खाली यंत्राची घरघर चालू होती. मग आतून आवाज आला, "आली."

मोठ्या बाईंनी डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. आली म्हणजे सुटली. ते जड दिवस का काय म्हणतात ते संपले, आता पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात. डॉक्टरीण उगाच बाऊ करत होती. भीती गेली तशी त्यांची जीभही सैल झाली. सून विचारायला भिते, लेक पळ काढतो. त्यांना कुणाची भीती? उत्तर तर आता ठरलेलंच होतं. संध्याकाळी सुनेला ऐकवता आलं असतं, बघ, विचारलं मी.

"काय गं," त्या सहज म्हणाल्या, "आता नाही ना तसलं काही मनात?"

"तसलं म्हणजे?"

"तसलं. उगाच वेड पांघरू नकोस."

"म्हणजे काय, आजी?"

"मरायचं!" त्या वैतागून बोलून गेल्या. "मरावंसं वाटतंय का अजून?"

शब्द बोळात पडला. भिंत खचली नाही, छत कोसळलं नाही. दाराच्या पलीकडे, अगदी त्यांच्या पाठीशी, काहीतरी टेकल्यासारखं झालं. मुंगी आतून खाली बसली असावी.

"हो," ती म्हणाली.

मोठ्या बाईंच्या तोंडाशी एकदम पुष्कळ आलं. खायला-प्यायला मिळतंय. एवढ्याशा वयात. आम्ही काय काय सोसलं. आणि आली ना आता पाळी, मग कशाला? सगळं ओठांपर्यंत येऊन तिथेच अडलं. त्यांनी पदर तोंडावर दाबला, मग काढला, आणि जिन्याकडे तोंड करून अशी हाक मारली, की खालच्या बायकांचे हात थांबले.

"यंत्र बंद कर आणि वर ये! त्या डॉक्टरीणबाईंना फोन लाव. म्हणावं, मुलगी हो म्हणतेय."

घरघर थांबली. खालून कुणीतरी काहीतरी विचारलं. मोठ्या बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी मान मागे टेकवली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.



"आत्ता विचारतेस?"

जिन्यावर सुनेची धावती पावलं वाजू लागली.

"हो, आत्ता," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि पाठ दारापासून हलू दिली नाही.