डावा हात

सुईच्या टोकाला एक थेंब थांबला होता. पडेना, सुकेना. रत्नम्माची नजर त्याच्यावरच खिळली. बाहेर टँकरभोवती घागरींचा कालवा चालला होता. लातूर जिल्हा झाला तरी पाणी काही आलं नव्हतं. आली ती ही दातांची डॉक्टरीण, वयानं लेकीएवढी...

"भूल देते, मावशी. मुंगी चावल्यासारखं होईल. नंतर दुखलंच, तर हा डावा हात वर करायचा. मी लगेच थांबेन."

थांबेन? दुखताना कुणी थांबतं?... बहात्तरच्या दुष्काळात, औशाच्या बाजारात दाढ सुजून गाल ताठरला होता, आणि दात काढणारा गडी पकड पुसत म्हणाला होता — बाईला घट्ट धरा. सिद्रामप्पांनी मागून तिचे दोन्ही हात धरले. पण नवऱ्याचेच हात असे थरथरत होते, की आपण ओरडलो तर हा माणूस इथंच कोसळेल असं वाटून तिनं हुंदका गिळला, रक्तासकट. तेव्हापासून ते पाहुण्यारावळ्यांना सांगत आलेत, "आमच्या रत्नम्माला दुखतच न्हाई." किती कौतुकानं! आणि मीही हसत आले...

सुई टोचली. गाल जड झाला, ओठ परका झाला. डॉक्टरीणबाईंनी चिमटा उचलताच शेजारी उभ्या सिद्रामप्पांनी तिचा डावा हात गच्च धरला.

"काका, तो हात सोडा. त्यांना बोलायला आत्ता तेवढाच आहे."

ओशाळून त्यांनी सोडला. दाढ हलत होती, दुखत नव्हती, नुसतं दाबल्यासारखं. तरीही तिनं हात वर केला.

डॉक्टरीण थांबली. खरंच थांबली.

"दुखतंय?"

तिनं मानेनंच नाही म्हटलं. नुसतं बघायचं होतं... डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं.

दाढ निघाली. कापूस दाबून ती रस्त्यावर आली, तर सिद्रामप्पा उपरण्याची सावली तिच्या डोक्यावर धरून चालू लागले.

"दुखलं न्हाई ना?"

"न्हाई." शब्द बोबडे आले. चार पावलांवर ती थांबली. "तवा लई दुखलं होतं."

"औशाला?"

"हाव."

उपरणं खाली आलं. "मग बोलली का न्हाईस?"

काय सांगावं? तुमचे हात... ते सांगितलं तर हा माणूस आज जेवायचा नाही. ती पुन्हा चालू लागली. त्यांनी उपरणं पुन्हा वर धरलं, आधीपेक्षा जवळ. भूल अजून उतरली नव्हती; पण आत कुठंतरी, इतकी वर्षं बधिर पडलेलं काहीतरी ठसठसू लागलं होतं — आणि नवल म्हणजे, ते थांबावं असं तिला वाटत नव्हतं.