यंदा गोळी नको

आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात आणि त्या तीन दिवसांत घरातल्या कुणाही बाईला अडचण येता कामा नये, हा माझा कायदा. त्यासाठी दरवर्षी मी औरंगपुऱ्यातल्या मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणते. माझं कधीच थांबलं, लेकीसाठी आणते. हसायचं तर हसा. सोळा भाज्या, पुरण, फुलोरा, आणि ऐन नैवेद्याला हाताखालची एकुलती एक पोर बाजूला बसली तर रांधायचं कुणी? आमच्या ह्यांनी?

नीरजा नोकरीच्या गावाहून, पुण्याहून आली तशी मी पाण्याचा पेला आणि गोळी तिच्यापुढं ठेवली.

"घे. आजपासून सुरू."

"नको."

"तारीख ह्याच आठवड्यात म्हणालीस ना फोनवर?"

ती उठली, स्वयंपाकघराचं दार लोटून आली आणि हळूच म्हणाली, "आई, मागच्या महिन्याची आलीच नाही."

आधी मला काही उमजलंच नाही. मग उमजलं. पोरीचं लग्न व्हायचंय, बाहेर हे मखर बांधत बसलेले, आणि ही काय बोलायली.

"कोण आहे तो?"

"हिमांशू. ऑफिसातला. त्याला अजून सांगितलं नाही. आधी मला तर कळू दे. घरी टेस्ट केली, पण दुसरी रेघ आहे की नाही तेच कळेना. परत करायची हिंमत झाली नाही."

"काळजी घ्यायची अक्कल नव्हती?"

"घेतली की. दरवेळी दुसऱ्या दिवशी गोळी घेतली. मेडिकलमधून."

"दरवेळी? कुणाला विचारून?"

तिनं माझ्या हातातल्या पाकिटाकडं बघितलं. "तू कुणाला विचारून आणतेस?"

माझा हात उठला होता, तो तसाच खाली आला. राग होताच, पण त्याहून जास्त मला भीती वाटली. त्या सगळ्या गोळ्या तिनं एकटीनं, कुणाला न सांगता गिळल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी फुलं आणायच्या निमित्तानं आम्ही रिक्षा केली आणि ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून पार सिडकोतल्या एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. जन्म दिला मी आणि बाहेरही मीच! बाकावर बसून मी चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिले. दार उघडेना. आत ती रडत असेल असं सारखं वाटत होतं.

ती बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. दंडाला कापूस होता.

"रक्त दिलंय, उद्या रिपोर्ट. त्या म्हणाल्या, ती गोळी अडीनडीला घ्यायची, नेहमीची नव्हे. सारखी घेतली की पाळीचं तंत्र बिघडतं. तसंही असेल."

"आणि दुसरं असलं तर?"

"तर अजून वेळ आहे, आणि ठरवायचं मी. नसलं तर पुढं काय वापरायचं तेही विचारून आले. हिमांशूला घेऊन परत यायचंय." दंडावरचा कापूस काढत ती म्हणाली, "तू येशील ना?"

मी मान डोलावली. फुलं घ्यायची राहिली ती राहिलीच, त्यावरून हे चिडले.

संध्याकाळी महालक्ष्म्या आल्या. रात्रभर माझा डोळा लागला नाही. इतकी वर्षं मी त्यांच्यापुढं हात जोडून एकच मागत आले, ह्या दिवसांत घरात विटाळ नको. पूजेच्या सकाळी सोवळं नेसून उभी राहिले आणि तोंडातून निघालं, बाई, आज येऊ दे.

मोठ्या जाऊबाई मदतीला आल्या होत्या. पुरण शिजत होतं. फोन वाजला की रिपोर्टचाच म्हणून मी कान टवकारायचे, आणि निघायचं ह्यांच्या वाळूजच्या कंपनीतलं कुणीतरी.

नीरजा न्हाणीघरातून आली आणि उंबऱ्याबाहेरच थबकली.

"आई, आली."

जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. "अगंबाई, ऐन नैवेद्याला? अंबिका, गोळी दिली नव्हतीस का गं पोरीला?"

"नाही दिली," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. आवरेचना. जाऊबाईंना वाटलं नैवेद्यासाठी रडायली. "असू दे, होतं असं," म्हणत त्या माझी समजूत घालायला लागल्या.

मी तशीच उठले, उंबऱ्यापाशी गेले आणि पोरीला पोटाशी धरलं.

"रिपोर्ट यायचाय अजून," ती कानाशी म्हणाली.

"येऊ दे."

"सोवळ्यात आहेस तू," जाऊबाई घाबरून म्हणाल्या. "शिवलीस की तिला. आता नैवेद्य करणार कोण?"

"आम्ही दोघी," मी म्हणाले आणि तिला हाताला धरून आत घेतलं.